नमुनावहीतला जांभळा

येवल्यातल्या एका विणकर घरात रेशमाच्या नमुन्यांची जुनी वही आहे. जाड पानांवर रंगवलेल्या रेशमाच्या छोट्या लडी टाचलेल्या, मधूनमधून पैठणीच्या कापडाचे तुकडे चिकटवलेले, आणि प्रत्येकाखाली हाताने लिहिलेलं रंगाचं नाव: डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी, आमसुली, पोपटी, गुलबक्षी. एखादं गिऱ्हाईक आजीच्या पैठणीचा फाटका काठ घेऊन येतं आणि ‘अगदी हाच रंग हवा’ म्हणतं, तेव्हा ही वही उघडली जाते. आता पानांच्या कडा झिजल्यात, काही लडींना कसर लागली आहे. उद्या वही राहिली नाही तरी रंगाऱ्याला तोच रंग पुन्हा बसवता यावा, अशी तिची नोंद घरच्यांना करून हवी होती.

मी नाशिकला फोटोग्राफी करते. साड्या, दागिने, चित्रं हे माझं रोजचं काम. पण या कामात फोटो सुंदर येऊन भागणार नव्हतं. वहीतला डाळिंबी आणि नोंदीतला डाळिंबी यांच्यात किती अंतर पडलं, ते आकड्यात सांगता यायला हवं होतं. म्हणून वहीचं एकही पान टिपण्याआधी कॅमेरा आणि स्कॅनर दोन्ही रंगासाठी तपासून घ्यायचं ठरवलं. तपासणीला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता असं मला आजही वाटतं.

आकडा कशाचा, ते आधी सांगते. सीआयई, म्हणजे प्रकाश आणि रंगाची मापं ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग. त्याने १९७६ साली ठरवलेल्या लॅब पद्धतीत प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात. ‘एल’ म्हणजे उजळपणा, ० काळा आणि १०० पांढरा. ‘ए’ हिरव्यापासून लालपर्यंत जातो, ‘बी’ निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. दोन रंगांमधल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. मूळ १९७६चं सूत्र भडक रंगांतला फरक डोळ्याला जाणवतो त्याहून फुगवून सांगतं, म्हणून मी २०००चं सुधारित सूत्र धरलं. या सूत्राने १च्या आसपासचा फरक नमुने शेजारी ठेवून निरखले तरच कळतो. चार-पाचचा फरक मात्र साडी उलगडल्याबरोबर गिऱ्हाईक बोलून दाखवतं.

खरा रंग कोणता, हे ठरवायला डोळा पुरत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. ओळखीच्या एका छापखान्याने त्यांचा हातात मावणारा यंत्र-संच मला वापरायला दिला. हे यंत्र नमुन्यावर स्वतःचा प्रकाश टाकतं आणि जांभळ्या टोकापासून लाल टोकापर्यंत प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला ते मोजतं. ही सगळी गोष्ट त्या यंत्राशिवाय झालीच नसती.

कॅमेऱ्यासाठी मी चोवीस चौकोनांची रंगपट्टी घेतली. फोटोग्राफीत ही पट्टी सगळ्यांना माहीत आहे. मॅकबेथ कंपनीतल्या मॅककॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन या तिघांनी १९७६ साली ती मांडली. चौकोन वाटेल तसे निवडलेले नाहीत. सावळी त्वचा, गोरी त्वचा, आभाळ, पानं, निळं फूल अशा खऱ्या वस्तूंचे रंग त्यात आहेत, आणि शेवटच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या. पट्टी बोटांनी हाताळायची नाही, काम झालं की पाकिटात ठेवायची, उन्हात विसरायची नाही. छापील आकड्यांवर विसंबू नये, या मताची मी आहे. पट्टीचे रंग वयाबरोबर सरकतात, आणि २०१४च्या शेवटी उत्पादकाने काही रंगांची मूल्यंही बदलली. म्हणून माझ्या पट्टीचा प्रत्येक चौकोन मीच मोजून घेतला.

वही घराबाहेर न्यायची नाही, असं घरच्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे सगळा पसारा त्यांच्या माजघरात मांडला. भिंती पिस्ता रंगाच्या. असा रंग उजेडात मिसळून नमुन्यावर येतो आणि राखाडी चौकोन हिरवट दिसतो. तिन्ही बाजूंना काळं कापड बांधलं, खिडकी झाकली, स्वतः काळा कुर्ता घातला. घरातल्या काकूंना हे सगळं सोवळ्यासारखं वाटलं. त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि मुलांना त्या खोलीत येऊ दिलं नाही.

मग उजेडाची तपासणी. माझ्याकडच्या एलईडी पॅनलच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी आकडा, ९५च्या वर छापलेला आहे. हा आकडा काढताना आठ फिकट रंगांची सरासरी घेतात. गर्द लाल रंगाची चाचणी वेगळी असते आणि ती त्या सरासरीत धरत नाहीत. पैठणीत तर गर्द लालच जास्त: कुंकवाचा, डाळिंबी, राणी. म्हणून रेशमाचे तेच नमुने मी एकदा पॅनलखाली टिपले आणि एकदा स्टुडिओच्या दोन फ्लॅशच्या उजेडात. फ्लॅशमधल्या झेनॉनचा वर्णपट सलग असतो, दिवसाच्या उजेडाच्या बराच जवळ. पॅनलखाली डाळिंबी किंचित तपकिरीकडे झुकला. सॉफ्टवेअरने तो बराचसा सावरता येतो, पण उजेडात जे मुळात कमीच होतं ते नंतर आणता येत नाही. पॅनल बाजूला ठेवलं. दोन्ही फ्लॅश नमुन्याच्या दोन बाजूंना ४५ अंशांवर लावले. एक मोठा पांढरा पुठ्ठा पूर्ण चौकटभर ठेवून टिपला, म्हणजे उजेड कुठे कमी-जास्त पडतोय ते कळतं. कोपऱ्यांत तो कमी होता, दिवे मागे नेल्यावर बराचसा सारखा झाला. उरलेला फरक त्याच पांढऱ्या पुठ्ठ्याच्या फोटोवरून हिशेबाने काढून टाकला.

कॅमेऱ्यातून थेट निघणारा जेपेग या कामाला चालत नाही. त्यातले रंग लोकांना आवडतील असे घडवलेले असतात. आभाळ जरा निळं, त्वचा जरा उबदार, काळं जरा गडद. लग्नाच्या फोटोला ते बरं, नमुनावहीला नाही. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, घेतली आणि तिच्यावर कुठलाही तयार साज न चढवता ती उघडली. एक्स्पोजर डोळ्याने ठरवलं नाही, पट्टीवरून ठरवलं: एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांच्या सर्वसाधारण रंगपद्धतीत (० ते २५५), पांढरा चौकोन साधारण २४३वर, मधला राखाडी १२२च्या आसपास, काळा ५२वर यायला हवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची छटा काढून टाकणं, पांढऱ्या चौकोनावर न घेता त्याच्या शेजारच्या फिकट राखाडीवर घेतला, कारण पांढरा चौकोन लाल, हिरवा, निळा यांपैकी एखाद्या चॅनलमध्ये फुटायला, म्हणजे मर्यादेबाहेर जायला, फार वेळ लागत नाही. त्यानंतर सहा राखाडी पायऱ्या तपासल्या. प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे जवळजवळ सारखे हवेत. हे जमेपर्यंत रंगीत चौकोनांकडे बघूच नये. राखाडीत खोट असली की बाकी सगळे आकडे फसवतात.

प्रोफाइल म्हणजे यंत्राच्या आकड्यांवरून खरा रंग काढायचा नकाशा. तो बनवायला अर्गिल वापरलं. ग्रॅम गिल यांनी लिहिलेली ही प्रणाली फुकट मिळते. खिडक्या आणि बटणं त्यात नाहीत, सगळ्या आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण जे करते ते लपवून करत नाही. साधं मॅट्रिक्स प्रोफाइल, म्हणजे थोड्याच आकड्यांच्या एका सूत्राचं, बनवलं. चोवीसच रंग हाताशी असताना गुंतागुंतीचं तक्त्याचं प्रोफाइल बनवलं तर ते त्या चोवीस चौकोनांवर नेमकं बसतं आणि मधल्या रंगांत वेडंवाकडं वागतं. मॅट्रिक्सवर सरासरी डेल्टा ई दोनच्या आसपास आला. कॅमेरा उत्तीर्ण झाला, असं कागदावर तरी दिसत होतं.

स्कॅनरची दोन यंत्रं होती. एक पातळ, हल्लीच्या सीआयएस पद्धतीचं. त्यात लाल, हिरवे, निळे एलईडी आळीपाळीने पेटतात. त्याची नजर काचेला टेकलेल्या वस्तूपुरतीच असते, आणि टाचलेली लड काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहते, त्यामुळे धागे धूसर आले. शिवाय तीन अरुंद दिव्यांखाली पाहिलेला रंग आणि दिवसाच्या उजेडातला रंग यांचं जमत नाही. ते यंत्र तिथेच सोडलं. दुसरं जुनं, जाडजूड, सीसीडी पद्धतीचं, आत नळीसारखा दिवा असलेलं. त्याला आधी तापू द्यावं लागतं. तीच पट्टी थंड असताना, थोड्या वेळाने, आणि पूर्ण तापल्यावर स्कॅन करून पाहिली. पहिल्या स्कॅनमधले राखाडी चौकोन नंतरच्यांपेक्षा स्पष्ट वेगळे होते. येवल्यात दुपारी वीज गेली की यंत्र पुन्हा थंड व्हायचं आणि पहिल्यापासून थांबावं लागायचं. शेवटी स्कॅनर इन्व्हर्टरवर लावला.

स्कॅनर तपासायची पट्टी वेगळी असते, आयटी८ नावाची. तिच्यावर २६४ रंगीत चौकोन आणि खाली २४ पायऱ्यांची राखाडी पट्टी असते, आणि सोबत त्या पट्टीच्या मोजलेल्या आकड्यांची फाइल येते. स्कॅनरमधल्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद केल्या, ४८ बिटमध्ये स्कॅन केलं, प्रोफाइल बनवलं. सरासरी फरक १च्या आत आला. आकडे फार देखणे होते. मग वहीत टाचतात तशी डाळिंबी लड काचेवर ठेवून स्कॅन केली, आणि तिचा फरक चारच्या वर गेला. जांभळ्याचा त्याहून जास्त.

इथून पुढे जे समजलं ते कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडलं नसतं.

आयटी८ पट्टी फोटोच्या कागदावर छापलेली असते. म्हणजे तिच्यावरचे सगळे रंग त्या कागदातल्या मोजून तीन रंजकांच्या मिश्रणातून आलेले. स्कॅनर त्या तीन रंजकांना ओळखायला शिकला. रेशीम वेगळ्याच रंगांनी रंगवलेलं. माणसाच्या डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला किंवा स्कॅनरला वेगळे दिसू शकतात, आणि डोळ्याला वेगळे दिसणारे त्यांना सारखे. याला मेटामेरिझम म्हणतात. सेन्सरच्या लाल-हिरव्या-निळ्या संवेदना डोळ्याच्या संवेदनांपासून साध्या गणिती मिश्रणाने मिळत असतील, तरच यंत्र डोळ्यासारखं पाहील, ही अट रॉबर्ट लुथर यांनी १९२७मध्येच मांडली. बाजारातला कुठलाही कॅमेरा ती पूर्ण पाळत नाही. म्हणजे पट्टीवर पहिला आलेला कॅमेरा रेशमावरही पहिला येईल, याची खात्री नसते. ज्या वस्तूची नोंद करायची, त्याच वस्तूवर चाचणी घ्यायला हवी.

म्हणून आम्ही रेशमाचीच पट्टी केली. घरात सध्या वापरात असलेल्या रंगांच्या लडींचे उरलेले धागे होते. राखाडी पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यांवर ते शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळले, मधून पुठ्ठा दिसणार नाही असे. कांड्या भरणाऱ्या घरातल्या ताईंनी हे काम माझ्या दसपट सफाईने केलं. प्रत्येक तुकडा यंत्राने बऱ्याच ठिकाणी मोजून सरासरी काढली. मग तुकड्यांचे दोन गट केले. एका गटावरून प्रोफाइल बनवायचं, दुसऱ्या गटावर ते तपासायचं. ज्या रंगांवरून प्रोफाइल बनलं त्याच रंगांवर ते तपासलं तर आकडा नेहमी गोड येतो, आणि रंगाच्या चाचणीत हीच पळवाट मी सर्वांत जास्त पाहिली आहे. तपासणीचा गट वेगळा असलाच पाहिजे, यावर मी अडून बसते.

मोजताना रेशमाने आणखी एक गोष्ट समोर आणली. तोच तुकडा स्कॅनरवर धागे आडवे ठेवून आणि मग ९० अंशात फिरवून धागे उभे ठेवून स्कॅन केला, तर उजळपणात स्पष्ट फरक पडला. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, आणि रेशमाची झळाळी धाग्याच्या दिशेवर अवलंबून असते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव तुकड्यात तर नुसता उजळपणाच नाही, रंगच बदलला. माझ्या सगळ्या पट्ट्यांच्या चुकांची बेरीज केली असती तरी ती या फरकाएवढी झाली नसती. तेव्हा ठरवलं की लडीचे धागे कुठल्या दिशेला आहेत ते प्रत्येक नोंदीत लिहायचं, आणि धूपछाव तुकड्यांचे दोन फोटो ठेवायचे. अशा कापडाला एकच रंग असतो, असं म्हणणारी नोंद खोटी ठरेल.

स्कॅनरचा शेजारदोषही पाहिला. काळ्या रेशमाचा तुकडा एकदा पांढऱ्या कागदाच्या मध्ये आणि एकदा काळ्या कागदाच्या मध्ये स्कॅन केला. पांढऱ्यातला काळा जास्त उजळ आला, कारण शेजारचा प्रकाश काचेखाली फिरून पुन्हा नमुन्यावर पडतो. कॅमेऱ्यात हा दोष फार कमी. सगळा हिशेब मांडल्यावर वहीची पानं कॅमेऱ्याने टिपायची आणि स्कॅनर फक्त सुट्या, सपाट तुकड्यांच्या विणीसाठी ठेवायचा, हे नक्की झालं.

रेशमावरून बनवलेल्या प्रोफाइलने कॅमेऱ्याचे आकडे सुधारले. पोपटी, हळदी, डाळिंबी, राणी, सगळे तपासणीच्या गटात तीनच्या आत आले. दोन रंग काही केल्या येईनात: एक जांभळा आणि एक गर्द निळा.

रंगारीकाकांना मी एके सकाळी बोलावून घेतलं होतं. रंग पाहायचा तर दहाच्या आत, उत्तरेच्या दारात, असा त्यांचा नियम. लॅपटॉपचा पडदा कॅलिब्रेट करून ५००० केल्विनवर (पांढऱ्या उजेडाची छटा केल्विनमध्ये, तापमानाने सांगतात) ठेवला होता, शेजारी त्याच तापमानाच्या उजेडात जांभळी लड. मी अजून त्यांना आकडे दाखवले नव्हते.

‘‘ताई, बाकीचं समदं बराबर आहे. ह्यो मात्र गुलाबीत गेला,’’ ते म्हणाले.

‘‘किती गेला, काका?’’

‘‘एका बुडीएवढा.’’

डेल्टा ई सहाच्या वर होता. त्यांच्या डोळ्यावर माझा विश्वास होताच, पण त्या सकाळपासून कुठलाही आकडा त्यांना दाखवल्याशिवाय मी पक्का मानला नाही.

कारण वर्णपटात दिसलं. त्या जांभळ्याचा परावर्तनाचा आलेख मधल्या हिरव्या भागात खाली बसतो आणि ६५० नॅनोमीटरच्या पुढे, अगदी लाल टोकाला, पुन्हा झपाट्याने वर चढतो. तिथे माणसाचा डोळा जवळजवळ आंधळा असतो. सेन्सरचा लाल टिपणारा भाग मात्र अजून थोडं पाहत असतो, त्याच्यासमोरची अवरक्त (लालच्या पलीकडचा, न दिसणारा प्रकाश अडवणारी) गाळणी प्रकाश पूर्ण तोडेपर्यंत. त्याला जो लाल दिसतो तो आपल्याला दिसत नाही, आणि जांभळा गुलाबी होतो, निळा जांभळा होतो. नीळ, कोबाल्ट निळा आणि काही फुलांचे निळे-जांभळे रंग फोटोत याच कारणाने बिघडतात. वहीतल्या काही जुन्या लडी निळीच्या आहेत असं घरात सांगतात, आणि त्यांचे आलेख पाहिल्यावर मला त्यात शंका वाटत नाही.

लेन्सवर अवरक्त तोडणारी जास्तीची गाळणी लावून पाहिली. फरक कमी झाला, गेला नाही. मोठी संग्रहालयं दोन वेगळ्या गाळण्यांमधून दोन फोटो घेऊन सहा चॅनल मिळवतात, ते माजघरात जमण्यासारखं नव्हतं. निळ्या-जांभळ्या पानांसाठी वेगळं प्रोफाइल केलं, त्यात त्याच घराण्याचे रंग जास्त घातले. फरक तीनच्या थोडा वर आला. त्याहून खाली आणायचा तर दुसऱ्या रंगांना धक्का लागत होता.

तेव्हा नोंदीची रचना बदलली. प्रत्येक लडीचा फोटो, आणि त्याच्या शेजारी तिचा मोजलेला पूर्ण वर्णपट. फोटो पीळ, झळाळी, झीज दाखवतो. रंग किती हे वर्णपट सांगतो. कापडरंग विकणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत असा आलेख दिला की कुठले रंग किती प्रमाणात घ्यायचे याचा पहिला अंदाज संगणक देतो. पुढचं काम रंगाऱ्याच्या हाताचं. फाइली १६ बिट टिफमध्ये, अॅडोबी आरजीबीत ठेवल्या. एसआरजीबीत मोरपंखीचा बराच भाग मावत नाही, तो रंग तिथे मुका होतो. प्रत्येक फोटोत वहीच्या पानाशेजारी चोवीस चौकोनांची पट्टी आणि रेशमाचे चार तुकडे कायम ठेवले, म्हणजे वीस वर्षांनी कोणालाही आमचं काम तपासता येईल.

जरीला मात्र या पद्धतीने आकडा देता येत नाही. धातूचा रंग म्हणजे समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब. चमक मारण्यासाठी दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (प्रकाशाची एकच दिशा पुढे जाऊ देणाऱ्या गाळण्या) एकमेकांना आडवे लावले तर जर काळपट पडते, कारण धातूवरून उसळलेला प्रकाश ध्रुवित राहतो आणि गाळणी तोच अडवते. स्कॅनरवर ती मातकट तपकिरी येते. जरीच्या तुकड्यांचे दोन दिशांच्या उजेडात दोन फोटो आणि शब्दांत वर्णन, एवढंच केलं, आणि तिच्या चौकटीत डेल्टा ईचा रकाना रिकामा सोडला.

शेवटची परीक्षा काकांनीच सुचवली. वही कपाटात ठेवून कुलूप लावायचं, त्यांना फक्त नोंद द्यायची, आणि त्यांनी त्यावरून लड रंगवायची. डाळिंबी त्यांनी नुसत्या पडद्यावरच्या फोटोवरून बसवला. वाळल्यावर मोजला तेव्हा वहीतल्या लडीपासून अंतर तीनच्या आत होतं. जांभळा पहिल्यांदा फक्त फोटोवरून केला, तो गुलाबीकडे गेला. दुसऱ्यांदा वर्णपटावरून प्रयोगशाळेने काढलेलं प्रमाण घेतलं, त्यात काकांनी हाताने निळा वाढवला, आणि लड दारात नेऊन पाहिली. कुलूप काढून वहीतली लड शेजारी धरली. त्यांनी दोन्ही लडी उलट-सुलट करून पाहिल्या आणि ‘‘आता लिवा,’’ म्हणाले. मी मोजलं, अंतर दोनच्या खाली होतं, आणि ते नोंदीत लिहिलं.

साध्या लडींची पानं पूर्ण झाली आहेत. पदराच्या तुकड्यांची बाकी आहेत, त्यात जर आणि धूपछाव दोन्ही एकत्र आहेत. त्यांच्यासाठी दिव्यांची मांडणी नव्याने तपासावी लागेल, आणि त्यासाठी लागणारे रेशमाचे तुकडे ताईंनी गुंडाळायला घेतले आहेत.